ओळख आहे का कुणाची?

आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पंधरा-वीस दिवसांनी एक निरोप येतोच. "अमुक ठाण्यात कुणाची ओळख आहे का? अर्जंट आहे." किंवा, "आरटीओत आपलं कुणी आहे का?" पाच-दहा मिनिटांत दोन-तीन नंबर येतात, आणि संध्याकाळी "काम झालं, सर्वांचे आभार" असं लिहून येतं. असे नंबर मीही दिले आहेत. पस्तीस वर्षं बँकेत काढल्यावर माणसाकडे दुसरं काही नसलं तरी नंबर असतात.

गेल्या अंकात फराळावर लिहिलं तेव्हा बरीच पत्रं आली. या वेळचा विषय तेवढा गोड नाही, आधीच सांगते.

आमच्या शेजारची मुलगी कायदा शिकते. मला मावशी म्हणते, आणि मावशीला म्हणू नये ते सगळं म्हणते. मे २०२४ मध्ये पुण्याच्या पोर्शे प्रकरणाच्या बातम्या चालू होत्या तेव्हा ती आमच्याकडे पोहे खायला आली होती. तुम्हा सगळ्यांना ते प्रकरण आठवत असेलच. १९ मेच्या पहाटे कल्याणीनगरात एका महागड्या गाडीनं मोटरसायकलला धडक दिली आणि दोन तरुण इंजिनियर जागीच गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा, एका बड्या बिल्डरचा मुलगा. गेलेले दोघंही आपल्याच मध्य प्रदेशातले, नोकरीसाठी पुण्याला गेलेले. इंदूरच्या मराठी घरांपैकी निम्म्यांची मुलं आज पुण्यात आहेत, त्यामुळे ती बातमी इथं कुणाला लांबची वाटली नाही. बाल न्याय मंडळानं त्याच दिवशी जामीन दिला, आणि अटींमध्ये एक होती ती रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची.

निबंधावर किती विनोद झाले! मीही ते पुढे पाठवले. पण नंतर बाहेर आलेली दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते, ती रक्ताच्या नमुन्याची. पोलिसांचा आरोप असा की, दवाखान्यात त्या मुलाचं रक्त टाकून देऊन त्याच्या जागी त्याच्या आईचं रक्त ठेवलं गेलं. डॉक्टरांना अटक झाली, आईवडिलांनाही झाली. गाडी मी चालवत होतो असं सांग, म्हणून घरच्या ड्रायव्हरवर दबाव आणल्याचाही आरोप झाला. आरोप अजून सिद्ध व्हायचे आहेत, हे खरं. पण क्षणभर असं धरा की नमुना बदलल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नसतं. निबंधाचा आदेश उघड होता, लोकांनी वाचला, ओरडा केला, मंडळाला तो फिरवावा लागला. बदललेली बाटली मात्र कुणाला दिसली नसती. उद्या खटल्यात न्यायाधीश कितीही सरळ माणूस असता तरी त्याच्यासमोर कागद आला असता तो दारूचा अंश नसलेल्या रक्ताचा. त्यानं काय करायचं?

मी हे सगळं तावातावानं बोलत होते. पैसेवाल्यांसाठी कायदा वेगळा, गरिबांसाठी वेगळा, वगैरे. ती ऐकत होती. मग पोह्यांवरचं खोबरं बाजूला सारत म्हणाली, "मावशी, आपल्या दादाची मेडिकल किती वाजता झाली होती?"

दादा म्हणजे माझा भाचा. त्याच वर्षी फेब्रुवारीत, लग्नसराईत, रात्री अकराच्या सुमाराला त्याच्या गाडीनं एका सायकलवाल्याला उडवलं होतं. तो माणूस भाजीची गाडी मंडीत लावून घरी चालला होता. पाय दोन ठिकाणी मोडला. भाच्यानं त्याला सोडून पळ काढला नाही, हे मी आजही सगळ्यांना पहिल्यांदा सांगते. फोन मात्र त्यानं आधी आपल्या आईला लावला. माझ्या बहिणीनं मला लावला. आणि मी माझ्याकडचे नंबर काढले.

मी कुणालाही लाच दिली नाही. बँकेत ज्यांचं कर्ज मी कधीकाळी वेळेत मंजूर केलं होतं, अशा एका गृहस्थांना फोन केला. त्यांचे मेहुणे पोलिसात. मी एवढंच म्हटलं, "मुलगा चांगल्या घरचा आहे, जरा बघा." त्यांनीही पुढं बहुधा तेवढंच म्हटलं असेल. भाच्याला ठाण्यात बाकावर बसवलं नाही, साहेबांच्या खोलीत खुर्ची दिली. चहा आला. पहाटे तीनला तो घरी होता. यात बेकायदा काही नव्हतं, कारण तो गुन्हा जामीनपात्र होता आणि ठाण्यातून जामीन हा त्याचा हक्कच होता. वैद्यकीय तपासणी तेवढी दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर झाली. मी सांगितलं नव्हतं तसं करायला. कुणीच सांगितलं नव्हतं. "जरा बघा" म्हटल्यावर माणसं ज्याला त्याला सुचेल तसं बघतात.

त्या रात्री तो लग्नाच्या पार्टीतून येत होता. घेतली होती का, हे मी त्याला विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

पुढं ते प्रकरण मिटलं. चाळीस हजार रुपये, दवाखान्याचा खर्च वेगळा. हा "मिटणं" शब्द आपण किती सहज वापरतो. भांडण मिटतं तसा पाटीवरचा खडूही मिटतो.

लहानपणी आम्हाला रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट सांगायचे. तुम्हालाही आजीनं सांगितली असेल, नाहीतर मंडळाच्या स्पर्धेत कुणीतरी पागोटं घालून रामशास्त्री झालेलं पाहिलं असेल. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. रामशास्त्रींनी चौकशी केली आणि खुद्द राघोबादादांना तोंडावर सांगितलं की या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही. गोष्ट इथं संपते, टाळ्या पडतात. अशा वेळी मलाही टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

पण पुढचं कुणी सांगत नाही. पुणं सोडावं लागलं ते रामशास्त्रींना. राघोबादादा पेशवे झाले. त्यांना गादीवरून काढलं ते बारभाईंच्या राजकारणानं. मग ते इंग्रजांकडे गेले, त्यातून युद्ध उभं राहिलं, आणि १७८२ साली आपल्या ग्वाल्हेरजवळच्या सालबाईच्या तहात त्यांना सालीना मोठी नेमणूक बांधून मिळाली. म्हणजे आजच्या भाषेत पेन्शन. वारले ते कोपरगावला, आजारानं. हात चालवणाऱ्या गारद्यांपैकी काहींना मात्र पकडून देहदंड दिला गेला. (अहिल्याबाईंची दौलत घ्यायला फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले होते ते हेच राघोबादादा. इंदूरकरांनी तरी हे विसरू नये.) रामशास्त्रींइतका न्यायाधीश मिळूनही एवढंच झालं. म्हणून मला वाटतं, आपण नेहमी न्यायाधीश विकला गेला की नाही एवढंच बघत बसतो, आणि खरा फरक त्याच्या खुर्चीपर्यंत पोचायच्या रस्त्यावर पडलेला असतो. कुणाच्या अंगावर कोणतं कलम लागतं, मेडिकल कधी होते, साक्षीदार किती वर्षं टिकतो, सुटकेचा कागद किती तासांत तुरुंगात पोचतो.

मुंबईचा सलमान खानचा खटला घ्या. सप्टेंबर २००२ मध्ये वांद्र्याला गाडी फुटपाथवर चढली, झोपलेला एक माणूस गेला. त्या रात्री सोबत असलेला अंगरक्षक पोलीस शिपाई, मराठी तरुण, त्यानंच पहिली तक्रार नोंदवली होती. पुढं साक्षीच्या तारखांना तो हजर राहीना म्हणून त्याच्यावर वॉरंट निघालं, अटक झाली, नोकरी गेली, आणि २००७ मध्ये क्षयानं तो शिवडीच्या रुग्णालयात वारला. खटल्याचा निकाल लागायला २०१५ उजाडलं. ६ मे रोजी सत्र न्यायालयानं पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्याच दिवशी उच्च न्यायालयातून अंतरिम जामीन मिळाला. डिसेंबरात उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं, म्हणजे तो जामीन चुकीचा होता असं कुणी म्हणू शकत नाही. माझा मुद्दा फक्त घड्याळाचा आहे. दुपारी शिक्षा झाली आणि संध्याकाळपर्यंत सुटकेचे कागद हातात आले.

आता दुसरं घड्याळ सांगते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई खरगोनकडच्या. त्यांचा धाकटा मुलगा एकोणीस वर्षांचा, एका दुकानात सामान पोचवायचा. मागच्या हिवाळ्यात मोबाइल चोरीच्या आरोपावरून त्याला उचललं. चोरी त्यानं केली की नाही, मला माहीत नाही. खटला चालू आहे. नवव्या दिवशी कोर्टानं त्याला जामीन दिला. घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले. पण जामीन मिळाला म्हणजे मुलगा सुटला असं नव्हे, हे त्यांना तेव्हा कळलं आणि मलाही तेव्हाच. पंचवीस हजारांचा जामीनदार हवा होता. आपल्याकडे त्यासाठी शेतजमिनीची ऋणपुस्तिका लागते, नाहीतर घराची रजिस्ट्री. बाई राहतात भाड्याच्या खोलीत. दिराची दोन बिघे जमीन आहे, पण ती खरगोन जिल्ह्यात. इथला जामीनदार आणा, असं त्यांना सांगण्यात आलं. कोर्टाबाहेर ऋणपुस्तिका घेऊन उभे असलेले लोक असतात. त्यांतल्या एकानं सहा हजार मागितले. बाईंचा महिन्याचा पगार, चार घरं मिळून, त्याहून थोडा जास्त.

एका सकाळी भांडी घासून झाल्यावर त्या ओट्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काकीजी, तुमची रजिस्ट्री लावाल का? घर जाणार नाही, वकिलानं सांगितलंय. मुलगा तारखेला येत राहिला की झालं."

मी म्हटलं, ह्यांना विचारून सांगते. बायकांचं हे ठेवणीतलं उत्तर. ह्यांना विचारलंही. हे म्हणाले, "कशाला नसत्या भानगडीत? उद्या पोरगा पळाला तर?" मी वाद घातला नाही, कारण मला तेच ऐकायचं होतं. बाईंना पाचशे रुपये दिले आणि सांगितलं की आमचे कागद बँकेत अडकलेत. बँकेत पस्तीस वर्षं काढलेली मी! कर्ज फिटून अकरा वर्षं झाली. कागद गोदरेजच्या कपाटात, लग्नातल्या शालूखाली आहेत.

त्या मुलासाठी "जरा बघा" म्हणायला मी एकही नंबर लावला नाही. तो चांगल्या घरचा आहे असं सांगण्यासारखं माझ्याजवळ काही होतं असं मला वाटलंच नाही. फेब्रुवारीत भाच्याच्या वेळी मी तेवढ्या वाक्यावर पहाटे तीनपर्यंत जागले होते.

मुलगा आतच राहिला. त्याच्यासारख्यांना आपल्या भाषेत कच्चे कैदी म्हणतात, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून ठरलेला नाही ते. २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत पाच लाख त्र्याहत्तर हजारांच्या आसपास माणसं होती. त्यांतली चार लाख चौतीस हजार कच्चे कैदी. दर चारांतले तीन. ही आकडेवारी सरकारचीच आहे. त्यांतले सगळेच माझ्या बाईंच्या मुलासारखे जामीन मिळूनही अडकलेले होते असं नाही, पण तसे किती असतील याचा विचार त्या हिवाळ्यात मी टाळत होते.

शेवटी रस्ता सापडला तो शेजारच्या मुलीमुळे. तिनं बाईंना जिन्यात रडताना पाहिलं आणि सगळं विचारून घेतलं. मग माझ्याकडे येऊन मला एक जुना निकाल ऐकवला. मोती राम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९७८. आपल्याच प्रदेशातला एक गवंडी. सर्वोच्च न्यायालयानं त्याला जामीन दिला, खाली मॅजिस्ट्रेटनं दहा हजारांचा जामीनदार मागितला. १९७८ चे दहा हजार! गवंड्याचा भाऊ जामीन राहायला तयार होता, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. गवंडी पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतःच्या हजार रुपयांच्या हमीवर त्याला सोडायला सांगितलं, आणि त्या निकालात एक प्रश्न विचारला. एखादा मल्याळी किंवा कन्नड माणूस दूर बस्तरला किंवा चांदनी चौकात पकडला गेला, तर तिथं त्यानं ओळखीचा जमीनदार कुठून आणायचा?

हा प्रश्न आपल्यासाठी आहे, असं मला ते ऐकताना वाटलं. आपण इंदूरचे, बडोद्याचे, हैदराबादचे मराठी लोक. आपले पूर्वज होळकरांबरोबर, गायकवाडांबरोबर आले, म्हणजे ओळख गाठीला बांधूनच आले. पण तुमच्यापैकी जी मुलं आज बंगळुरात किंवा गुरगावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, त्यांना रात्री दोन वाजता तिथं जामीन राहणारं कोण आहे? घरमालक? मी त्या मुलीला हे म्हटलं तर ती म्हणाली, "मावशी, त्यांना निदान तुमचे नंबर आहेत."

तर कामाची माहिती इथं लिहून ठेवते, कारण ती मला साठी उलटेपर्यंत नव्हती. अटकेत असलेल्या कुणालाही, आणि स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १९८७ चा कायदा आहे तसा. प्रत्येक जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि फोन लावायचा तो १५१०० या क्रमांकावर. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे की, जामिनाचा आदेश होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाच्या अधीक्षकानं प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टानं अट सैल करण्याचा विचार स्वतःहून करायचा. जामीनदार स्थानिकच हवा ही अट अडथळा ठरते, हेही त्यांनी म्हटलं आहे. गवंड्याच्या निकालानंतर पंचेचाळीस वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली.

बाई त्या कार्यालयात गेल्या. मी बरोबर गेले नाही, मुलगी गेली. तिथल्या तरुण वकिलानं अर्ज केला आणि कोर्टानं मुलाला स्वतःच्या हमीवर सोडलं. एकसष्टाव्या दिवशी तो घरी आला. नवव्या दिवसापासून मोजलं तर बावन्न दिवस एका कागदासाठी. दुकानदारानं तोवर दुसरा मुलगा ठेवला होता. बाईंनी मला काही म्हटलं नाही. रजिस्ट्रीचा विषय पुन्हा काढला नाही. मला तरी वाटतं, त्यांना माहीत आहे. लादी पुसायला तेच कपाट त्या दर शनिवारी सरकवतात.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी भाच्याला फोन केला. त्या माणसाला नंतर कधी भेटलास का, असं विचारलं. तो म्हणाला, "मावशी, ते मिटलं ना?" मग मीच गेले. पत्ता समझोत्याच्या कागदावर होता. भाजीची गाडी आता त्याचा मेहुणा चालवतो. तो स्वतः गल्लीच्या तोंडाशी एका टपरीवर बसतो, पाय पूर्ण वाकत नाही म्हणून समोर एक डबा ठेवून त्यावर टेकवलेला. चाळीस हजारांतले बावीस उधारीत गेले, असं त्यानं हिशोब दिल्यासारखं सांगितलं. मी मागितला नव्हता. चहा घ्यायलाच लावला, पैसे घेतले नाहीत.

निघताना त्यानं विचारलं, "और भैया कैसे हैं? उस रात बहुत घबरा गए थे."